धाकट्या भावाची चाल

शाळेच्या हॉलमध्ये भरणारी चर्चची रविवारची मिस्सा संपली, पेटी तिथल्याच कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि रावसाहेब फाटकाबाहेर आला, तेव्हा कोपऱ्यावरून एक टेम्पो वळत होता आणि टेम्पोवरच्या कर्ण्यातून त्याचीच चाल ऐकू येत होती. आधी त्याला वाटलं, कानातच उरली असेल. मघाशी हॉलमध्ये तो तीच गात होता. ईस्टरनंतरचा रविवार, प्रतिसाद स्तोत्र त्याने स्वतः बसवलेलं. एक ओळ त्याने म्हणायची आणि बाकांवरच्या लोकांनी तिला उत्तर द्यायचं. पण कानात उरलेल्या गाण्याला ढोलकी नसते. टेम्पोवर निळे झेंडे होते, पुढच्या काचेवर बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो होता, चौदा एप्रिल होती, आणि शब्द अर्थातच भीमाचे होते. चाल मात्र तीच. दुसऱ्या ओळीला वर जायची, वर गेल्यावर काहीतरी विसरल्यासारखी जराशी थांबायची, आणि मग पुरती खाली न येताच पुढची ओळ धरायची. हा थांबा त्याचा होता. वाशीच्या मराठी मिस्सेला येणारी सगळी मंडळी त्या थांब्यापाशी श्वास धरायची, आणि फादर लोपीस यांनी तर एकदा विचारलं होतं, मास्तर, हे कुठून सुचलं तुम्हाला. तेव्हा तो म्हणाला होता, आपोआप आलं फादर. खरंच आपोआप आलं होतं. आयुष्यात आपोआप आलेली तेवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळं, नोकरी, सिडकोची खोली, पेटी, लॅटिन जाऊन मराठी आली तेव्हाची नवी गाणी, सगळं धडपडून, कुणाच्या तरी ओळखीने, पाठ करकरून मिळवलेलं.

राग आला, पण उशिरा आला. हल्ली भूकही अशीच उशिरा लागायची. मागच्या बाकावर कुणीतरी बसलं असेल, ऐकलं असेल, उचलून नेलं असेल, असं त्याने मनाशी जुळवलं तेवढ्यात टेम्पो पुढ्यात येऊन थांबला. पुढे माणसं नाचत होती. ढोलकीवाला फळीवर पाय सोडून बसला होता, तिशीचा, कपाळावर निळा गुलाल. रावसाहेबाने त्याच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, "ही चाल कुणाची?"

"आपलीच काका. गाण्याच्या पार्टीची."

"पार्टीची म्हणजे? कुणीतरी बांधली असेल ना?"

"पोपटदादांची." ढोलकीवाल्याने मनगटाने घाम पुसला. "म्हंजे त्यांची पण नाय तशी. ते दर टाइमाला माइकवर सांगायचे ना, ही माझ्या धाकट्या भावाची चाल हाय, तो पाद्र्यांकडं असतो. आधी हे सांगायचे, मग गायचे. आता दम नाय त्यांना. खाणीत फुप्फुस गेलं. घणसोलीत असतात. तुमी ओळखता का?"

"नाही," रावसाहेब म्हणाला.

टेम्पो पुढे गेला. तो बराच वेळ फाटकाशी उभा राहिला. हॉलमध्ये इंग्रजी मिस्सेची मंडळी जमायला लागली होती, गिटारी, झगझगीत कपडे, लहान मुलींच्या केसांत रिबिनी, आणि कुणीतरी त्याला गुड मॉर्निंग मास्तर म्हणालं. त्यानेही म्हटलं. नाही असं का म्हणालो, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. विचारायचाही कंटाळा आला होता. इतक्या वर्षांत वाशीच्या चर्चमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं की मास्तरांना भाऊ आहे. लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नव्हतं, आणि सांगायला सुरुवात कुठून करायची ते त्याला कधी सापडलं नव्हतं.

घरी सगुणाने भात वाढला. तो ताटाच्या कडेवर बोट आपटत बसला.

"अहो, जेवताय की पेटी वाजवताय?"

त्याने सांगितलं. टेम्पो, ढोलकीवाला, घणसोली. सगुणा या घरात आली ती पोपट निघून गेल्यानंतर. दिराला तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे बसने गेलात तर अर्ध्या तासावर. आणि आपण इथे किती वर्षं झाली?"

"त्याला तरी कुठे ठाऊक होतं?"

"मी त्यांचं नाही विचारत. जाऊन या. न जाऊन काय वाचलं एवढे दिवस?"

दुपारभर तो पंख्याखाली पडून राहिला. झोप आली नाही, गाव आलं. गंगाथडीचं गाव, महारवाड्याच्या कडेला मिशनची पत्र्याची शाळा, तीच रविवारी देऊळ व्हायची. परदेशी फादर घोडीवरून यायचे आणि लॅटिन गायचे. महारवाड्यातली सगळी माणसं, ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती, ती रोमच्या भाषेत उत्तरं द्यायची. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. बायका ज्वारी खुडताना किरीये म्हणायच्या आणि मधेच म्हशीला शिवी घालायच्या. आई, केशरबाई, ग्लोरिया इतकी वरच्या पट्टीत धरायची की फादरांना हात करून तिला खाली आणावं लागायचं. पण गळा खरा पोपटचा. तो उभा राहिला की शाळेचे मास्तरसुद्धा पेटी हळू करायचे. रावसाहेब त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, त्याच्या मागे, त्याच्या आवाजाच्या सावलीत उभा राहून गायचा. आपला आवाज कसा आहे हे त्याला सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत कळलंच नव्हतं, कारण तो कधी एकटा ऐकलाच नव्हता. मग पोपट आंबेडकरी जलशांत जाऊ लागला. मग छप्पन साल आलं आणि एका मोठ्या मैदानात हजारो माणसांबरोबर त्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरी येऊन गळ्यातला क्रूस आईच्या हातात दिला. नीट दिला, फेकला नाही. रखमावहिनी दारात उभी होती. ती अनाथ, मिशनच्या सिस्टरांकडे वाढलेली, तिचं लग्नही सिस्टरांनीच लावून दिलेलं. तिला कुणी काही विचारलं नाही. नवरा ज्या बाजूला गेला त्या बाजूला ती भांड्याकुंड्यांसकट गेली. दोन वर्षांनी आई वारली. मिशनच्या जागेत तिला पुरलं तेव्हा पोपट आला आणि कुंपणाच्या बाभळीपाशी उभा राहिला. आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि तो आत आला असता असंही नाही. रावसाहेब गात होता. गाणं संपवून पाहिलं तर बाभळीपाशी कुणी नव्हतं. भांडण म्हणावं असं काहीच झालं नव्हतं, म्हणूनच ते मिटवताही येत नव्हतं. नंतर रावसाहेब फादरांची चिठ्ठी घेऊन मुंबईला आला, रंगाच्या कारखान्यात लागला. बहात्तरच्या दुष्काळात पोपट तुर्भ्याच्या खाणीवर आलाय असं गावच्या कुणीतरी सांगितलं होतं. ते ऐकलं होतं. ऐकून ठेवलं होतं, नंतर कधी तरी बघू असं.

मे महिन्यातल्या एका सुट्टीला तो गेला. घणसोली गावात शिरल्यावर सुकत घातलेल्या मासळीचा आणि नव्या सिमेंटचा एकत्र वास आला. एक आगरी बाई ओट्यावर कोळंबी सोलत होती. "पोपट? मागल्या खोलीन हाय तो," असं म्हणून तिने हातातल्या कोळंबीनेच दिशा दाखवली. मागली खोली म्हणजे कधीकाळचा गोठा. दावणीचे दगड अजून भिंतीत होते. आत खाटेवर, भिंतीला गोधड्यांची चळत लावून, एक माणूस बसवून ठेवल्यासारखा बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे, हे रावसाहेबाला नंतर कळलं. चेहरा आईचा होता. म्हातारी झालेली आई त्याने पाहिली नव्हती; ती अशी दिसली असती.

पोपटने डोळे बारीक करून पाहिलं. कोण म्हणून विचारलं नाही.

"रावा," तो म्हणाला, "पेटी आनली का?"

"नाही."

"मंग काय आनलंस?"

"बिस्किटं."

"आन. बिस्किटं बी चालत्यात."

रखमावहिनी चुलीपाशी होती. ती उठली, पदर डोक्यावर घेतला, "भावजी" एवढंच म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवून त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाठ हलत होती. रावसाहेब बिस्किटाचा पुडा उघडत बसला. कागद चिकटला होता. बोलायचं होतं ते सगळं तोंडापर्यंत येऊन थकून परत जात होतं, आणि पोपटला तर एक वाक्य पुरं करायला मधे दोनदा थांबावं लागत होतं. शेवटी रावसाहेबाने सरळच विषय काढला, जणू तेवढ्यासाठीच आला होता, "ती चाल. टेम्पोवर ऐकली."

"तुझी हाय की ती."

"माझी कशी? मी ती मागच्या वर्षी केली."

पोपट हसला. हसण्यात आवाज नव्हता, नुसते खांदे. "न्हानपनी केलीस. शेळ्या वळायचास नदीकडं. गुनगुन करायचास. मला वाटायचं, ह्यो कुटली आरती म्हनतोय. देवळातली नव्हती... जलशातली नव्हती. म्या उचलली."

"मला नाही आठवत."

"तुला कशाला आठवंल? ज्यानं उचलली त्याला आठवतं."

रखमाने चहा दिला. बशीत ओतून फुंकून तिने आधी पोपटच्या ओठांना लावली. दोन घोट झाल्यावर पोपटने विचारलं, "तू काय घातलंस तिच्यात?"

"स्तोत्र. गवंड्यांनी टाकून दिलेला दगड, तोच पुढं कोपऱ्याला बसतो. त्याचं."

पोपटला पुन्हा हसू आलं आणि या वेळी हसण्याचा खोकला झाला. तो खोकला बराच वेळ चालला. छातीत कुणीतरी खडी चाळत होतं. थांबल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "म्हंजे दगड म्या फोडले... आन् गानं तू केलंस."

त्यानंतर रावसाहेब जात राहिला. कधी आठवड्याने, कधी पंधरवड्याने. जाऊन विशेष काही व्हायचं नाही. तो खाटेच्या कडेला बसायचा, पोपट श्वास घ्यायचा. एकदा त्याने पेटीही नेली. मग देवजी, तो ढोलकीवाला, आला, आणखी दोघे आले, आणि पोपट भिंतीला टेकून बोटाने खाटेच्या लाकडावर ताल देत राहिला. आगरी मालकीण दारात येऊन म्हणाली, "गावा, गावा, म्हशी तं कवाच इकल्या, आता तुमीच." सगळे हसले. घरी परतताना बसमध्ये रावसाहेबाला वाटलं, आपण सुखी आहोत की काय. पण ते तपासून बघायला गेल्यावर तिथे थकवाच सापडला. आणि एक शंका. नदी आठवत होती, शेळ्या आठवत होत्या, एका शेळीचं मोडलेलं शिंगसुद्धा आठवत होतं, पण गुणगुणणं आठवत नव्हतं. पोपट खोटं बोलत असेल? स्वतः बांधलेली चाल धाकट्याच्या नावावर करून टाकायची, माइकवर, शेकडो माणसांसमोर, का तर त्या निमित्ताने धाकट्याचं नाव निघावं? की खरंच? जी एक गोष्ट आपली म्हणावी ती आपली असल्याला साक्षीदार एकच, आणि त्याचा श्वास संपत आलेला. शनिवारी सरावाला तो त्या थांब्यापाशी आला की त्याचा हात हल्ली चुकायचा. वरच्या पट्टीत म्हणणाऱ्या बायका वर जाऊन ताटकळत राहायच्या. "मास्तर, बरं नाही का?" असं कुणीतरी विचारायचं, आणि तो म्हणायचा, गरम होतंय.

जुलैत पोपटची बोटंही थांबली. एका दुपारी रखमा पाणी भरायला गेलेली असताना त्याने रावसाहेबाचं मनगट धरलं. हात गरम आणि फार हलका होता.

"एक सांगतो. म्या जायला लागलो की ते फादरचं तेल-पानी काय आनू नको."

"असलं बोलू नको."

"ऐक. ती रडंल. सिस्टरांची पोर हाय ती. म्हनंल फादरला आना... आनू नको. म्या बाबासायबाला हात वर करून शबुद दिला." तो थांबला, छाती भरून घेतली. "तुमच्या देवाचं मला काय वाईट न्हाई. पन शबुद एकदा देतात."

रावसाहेबाने मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती, हे पोपटने विचारलं नाही. नळावरून रखमा आली, हंडा उतरवताना तिने दोघांकडे पाहिलं, आणि रावसाहेब निघाला तेव्हा ती गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आली. तिथे एका नव्या इमारतीच्या पायाचा खड्डा होता, त्याच्या कडेला उभी राहून ती खालच्या आवाजात म्हणाली, "भावजी, येळ आली की तुमी फादरला घिऊन या. ते शुद्धीवर नसतील तवाच. त्यांना कळनार न्हाई."

"वैनी, त्याला नको असेल तर?"

"त्यांला नकोच हाय. मला म्हाईत हाय." ती खड्ड्यात बघत होती. "पन मला मेल्यावर ते कुटं गावनार? म्या कुटं आन् ते कुटं? म्या तीस वर्सं त्यांच्यामागं आले. आता तितं बी कुनी सांगायचं का, तू ह्या बाजूला ऱ्हा म्हनून?"

बघू, असं तो म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यात फार वापरला होता.

ऑगस्टच्या मध्यावर, सकाळी, देवजी वाशीला आला. दारातच उभा राहिला, चपला न काढता. "मास्तर, दादा डोळे उघडत नायत कालपासून. वहिनी बोलल्या, सांगितलेलं घेऊन या. काय ते मला नाय म्हाईत." सगुणाने रावसाहेबाकडे पाहिलं. त्याने सदरा चढवला आणि तो फादरांच्या खोलीकडे चालू लागला. देवजी मागून येत होता.

फादर लोपीस वसईचे, रावसाहेबापेक्षा वीस वर्षांनी लहान, मोकळे. ते टेबलाशी बसून चर्चच्या नव्या इमारतीचा नकाशा बघत होते. रावसाहेबाला बघताच म्हणाले, "मास्तर, बरं झालं आलात. आपल्या मराठी गीतांच्या कॅसेटचं ठरलंय. तुमचं स्तोत्र पहिलंच घेतायत. वरती तुमचं नाव काय घालायचं?" रावसाहेब म्हणाला, माझा थोरला भाऊ मरणाला टेकलाय, घणसोलीत. फादर उभे राहिले. तुम्हाला भाऊ आहे हे मला माहीतच नव्हतं, असं म्हणता म्हणताच त्यांनी खण उघडला, मरणाऱ्याला लावायच्या तेलाची छोटी डबी काढली, गळ्यात घालायचा जांभळा पट्टा काढला, खुंटीवरची छत्री घेतली. हे सगळं त्यांनी इतक्या सहज केलं की रावसाहेबाला क्षणभर फार विसावा वाटला. आता आपल्याला काही करायचं नव्हतं. फक्त यांच्या मागून चालायचं होतं. बस, घणसोली, मागली खोली. फादर कपाळाला, हातांना तेल लावतील, रखमावहिनी गुडघे टेकेल, पोपटला कळणारही नाही, आणि मेल्यावर कोण कुठे असतं हा तिढा ज्याचा त्याने सोडवावा. आईला आवडलं असतं. आईने बाभळीकडे पाहिलं असतं आणि म्हणाली असती, आलास का रे.

"बाप्तिस्मा झालेला आहे ना?" फादरांनी चपला घालताना विचारलं.

"झालाय. छप्पन साली सोडला धर्म."

फादरांचा हात पट्ट्यावर थांबला. "मग आता त्यांनी बोलावलंय?"

"वहिनीने बोलावलंय. तो शुद्धीवर नाही."

"हरकत नाही. बेशुद्ध माणसाला, शुद्धीवर असता तर त्याने मागितलं असतं असं वाटलं, तर देता येतं. तुम्ही भाऊ आहात. तुम्हाला काय वाटतं, मागितलं असतं त्यांनी?"

प्रश्न साधा होता आणि फादर खरोखरच उत्तराची वाट बघत होते. बाहेर देवजी भिंतीला टेकून विडी ओढत होता, त्याचा वास आत येत होता. हो म्हणायला काही लागत नव्हतं. माणूस शेवटी बदलतो असं सगळे म्हणतात, आणि पोपटच्या मनात शेवटी काय आलं हे कुणीही सांगू शकलं नसतं. रावसाहेबाला आपली जीभ तोंडात पडलेली जाणवली, दुसऱ्याची असल्यासारखी. गाणं सोडून या जिभेने आयुष्यभर बघू म्हटलं, आपोआप आलं म्हटलं. टेम्पोपाशी नाही म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "त्याने मला सांगितलंय, आणू नको म्हणून. मनगट धरून सांगितलंय."

फादरांनी डबी टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "मग मी नुसता भेटायला येतो. तुमचा भाऊ म्हणून."

"नको फादर. तुम्ही दारात दिसलात की वहिनीला वाटेल, घेऊन आले. मग मला तिला नाही म्हणता येणार नाही."

घणसोलीला रखमा दारातच बसली होती. गल्लीच्या तोंडाशी तो आणि देवजी दिसल्यावर ती उठली, त्यांच्या मागे पाहिलं, आणखी जरा वेळ पाहिलं. मग परत खाली बसली. तो तिला ओलांडून आत गेला आणि पोपटचा हात हातात घेऊन बसला. काही गावं, कुजबुजावं असं मनात आलं, पण जे येत होतं ते सगळं देवळातलं होतं, आणि ते आता तेलाच्याच जातीचं झालं असतं. म्हणून तो गप्प बसला. गात नसताना भावाजवळ इतका वेळ तो कधी बसला नव्हता. दुपारी, मालकीण पेज घेऊन आली तेव्हा, पोपटचा श्वास एकदा आत गेला आणि मग सगळेच त्याच्या बाहेर येण्याची वाट बघत राहिले.

संध्याकाळी खाडीकडच्या स्मशानात नेलं. खाणीवरची माणसं आली होती, पार्टीतली सगळी आली होती, बायका पांढऱ्या लुगड्यांत आल्या होत्या. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, त्या पुन्हा पुन्हा लावत होते. वंदना पालीत झाली. ती भाषा तिथल्या एकाच्याही घरात बोलली जात नव्हती, तरी बायका खडखडीत पाठ म्हणत होत्या. रावसाहेब हात जोडून ओळीत उभा होता, ओठ न हलवता. देवजीने त्याच्या कानाशी येऊन विचारलं, "मास्तर, दादांची आपली चाल म्हणायची का? तुमी धरता?" रावसाहेब म्हणाला, "तुम्ही धरा. मी मागून येतो." देवजीने धरली. भीमाचे शब्द रावसाहेबाला येत नव्हते, म्हणून तो नुसत्या सुराने मागून गेला, आणि दुसऱ्या ओळीला वर गेल्यावर त्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास धरला. चाल कुणाची हे ठरवायचं त्याला तेव्हा आठवलंही नाही.

रखमा त्याच्याशी बोलली नाही. पुढे दोनदा तो जाऊन आला. तिने चहा दिला आणि चुलीकडे तोंड करून बसली. फादरांना त्याने कॅसेटवर आपलं नाव घालू नका म्हणून सांगितलं. "मग काय लिहू?" "पारंपरिक लिहा." "म्हणजे कोणाचीच नाही असं होईल, मास्तर." "होऊ द्या," तो म्हणाला. सगुणाला हे पटलं नाही. पण तिने वाद घातला नाही. हल्ली तो संध्याकाळी कामावरून आला की दिवा न लावता बसायचा, आणि ती येऊन दिवा लावायची.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मराठी मिस्सेला हॉल अर्धाच भरला होता. रावसाहेबाने प्रवेशगीत धरलं, भाता ओढला, आणि डोळे उगाच मागच्या बाकांवरून फिरवले. सगळ्यात शेवटच्या बाकाच्या अगदी टोकाला, निघून जायला सोपं पडावं तशी, रखमा बसली होती. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात काहीच नाही. एवढ्या लांब ती बसने एकटी आली होती. त्याची बोटं चालत राहिली. गाणं संपलं. फादर वेदीशी उभे राहिले, हात पसरले आणि प्रभू तुमच्याबरोबर असो म्हणाले. हॉलने मराठीत उत्तर दिलं, रोजच्यासारखं, अर्धवट झोपेत. ते विरलं, आणि त्याच्या मागून एकटा, घोगरा, पण अजिबात न अडखळणारा बाईचा आवाज आला, तेच उत्तर गावच्या लॅटिनमध्ये, "एत कुम स्पिरितु तुओ."

पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघू लागली. कुणी तरी मुलगी हसली. फादरांनी क्षणभर पाहिलं आणि पुढे सुरू केलं. त्यांनी पुन्हा काही म्हटलं, हॉलने पुन्हा उत्तर दिलं, आणि या वेळी रखमाने तोंड उघडलं, आजूबाजूच्या ओठांकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. त्यानंतर ती गप्प राहिली. सगळे बसले की बसली, उठले की उठली, जरा उशिरा, शेजाऱ्यांकडे बघून. रावसाहेबाने त्या दिवशी स्तोत्र कसं म्हटलं हे त्याला नंतर सांगता आलं नसतं.

मिस्सा संपल्यावर पेटी तशीच टाकून तो बाहेर आला. ती शाळेच्या पायरीवर बसली होती, पावलांवर पदर ओढून. तो तिच्या शेजारी बसला. आत इंग्रजीवाले गिटारी लावत होते. मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "भावजी, हे कवा बदललं?"

"लई वर्सं झाली, वैनी." त्याच्या तोंडून गावचं निघालं. "वीस वर्सं झाली असतील."

"समदंच बदललं?"

"समदं."

रखमाने मान हलवली, हळूहळू, कुणीतरी हिशेब समजावून सांगत असल्यासारखी. फाटकातून लोक आत येत होते, तिला वळसा घालून पायऱ्या चढत होते.

"म्या रोज म्हनत होते मनात," ती म्हणाली. "चुलीपाशी. त्यांला कळू न देता. मला कुनी सांगितलंच न्हाई."